सुधाकरभाऊजींचा चाळीस, कादिरभाईंचा पंचवीस

लग्न होऊन मी पेणच्या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी माझ्या धाकट्या दिरांनी माझ्यापुढे चहाचे दोन कप आणून ठेवले. नव्या नवरीला दिराने चहा आणून द्यावा हेच मुळात नवल. मी लाजत लाजत एक कप उचलला.

"नाय नाय, दोन्ही घ्या," ते म्हणाले. "एकात साखर आधी घातलीय, एकात मागाहून. एकेक घोट घ्या आणि सांगा कुठला बरा."

सासरी सगळ्यांचं मन राखून बोलायचं, असं मी माहेरून शिकून आलेली. म्हटलं, "दोन्ही छान झालेत."

त्यांचा चेहराच पडला. "दोन्ही छान म्हणजे काहीच नाय, वहिनी. त्यातल्या त्यात एक असणारच."

आतून ह्यांचा आवाज आला, "अगं, सांगून टाक कुठला तरी एक. नाहीतर दुपारपर्यंत कप विसळायला मिळायचे नाहीत."

सुधाकरभाऊजींना एक वस्तू कधी पुरली नाही. एकीचं खरंखोटं दुसरीशिवाय कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. घरात गजराची घड्याळं दोन, प्रेशर कुकर दोन, परसात मिरचीची रोपं दोन जातींची. कुणी नुसतं म्हणायचा अवकाश, की गडब गावाला हायवेवर अमक्याचा वडा झकास मिळतो, की भाऊजींच्या पायात चपला. तो वडा आणायचा, शेजारच्या टपरीवरचाही आणायचा, आणि दोन्ही एका ताटलीत ठेवून घरातल्या प्रत्येकाला साक्षीला बोलवायचं. "समोरासमोर लावूया" हे त्यांचं पालुपद. देवळात गेले तरी दोन घंटा वाजवून बघतील.

गणपती आणायला आम्ही हमरापूरला जायचो. तिथे तर कारखानदार भाऊजींना लांबून बघूनच कपाळाला हात लावायचा. एका वर्षी त्यांनी दोन मूर्ती फळीवर शेजारी शेजारी ठेवायला लावल्या आणि पुढे-मागे होत बघत राहिले.

"अहो भाऊ, साचा एकच हाय," कारखानदार काकुळतीला येऊन म्हणाला.

"साचा एक असंल. डोळे दोन हातांनी काढलेत."

निघालंही तसंच. एकीचे डोळे कारखानदाराने स्वतः काढले होते, दुसरीचे त्याच्या सुनेने. भाऊजींनी सुनेची मूर्ती उचलली. सून खूश, सासरा गप्प.

त्यांचं स्वतःचं लग्नही असंच राहिलं. दोन स्थळं एकदमच सांगून आली, एक वडखळचं आणि एक नागोठण्याचं. दोन्ही मुली चांगल्या. भाऊजी विचार करायला लागले. ते विचार करतात म्हणजे चालतात, ओटीवरून परसात आणि परसातून ओटीवर. सासूबाई म्हणायच्या, "अरे, जमीन झिजली, आता तरी ठरव." त्यांचं ठरेपर्यंत दोन्ही मुलींची लग्नं झाली. भाऊजी दोन्ही लग्नांना जाऊन आले आणि घरी येऊन सांगितलं, "जेवण नागोठण्याचं बरं होतं."

माणूस वाईट नव्हता हो. पण त्यांच्या आसपास बसलं की आपल्यालाही चैन पडेनासं व्हायचं. ते जेवताना ताट हातात घेऊन खिडकीशी जात. पेपर वाचताना एक पाय हलत असे, आणि तो थांबला की दुसरा. माझ्या टायपिंग क्लासमध्ये येऊन उभे राहिले की पाच मिनिटांत सगळ्या मुलींच्या चुका व्हायला लागत. आम्ही काय करायचो, तर त्यांनी काही विचारलं की पटकन "बरं" म्हणायचो. "वहिनी, हा साबण बरा का तो?" बरं, हाच बरा. "दादा, दोन्ही गाड्यांनी जाऊन बघू का?" बरं, बघ. "बरं" म्हटलं की विषय संपतो, हे घरात सगळ्यांना कळून चुकलं होतं.

ते नोकरीला रोह्याला होते, एका केमिकल कंपनीत. टाक्यांवर आणि पाइपांवर दाब नि उष्णता दाखवणारी काट्याची घड्याळं असतात ना, ती तपासायची आणि दुरुस्त करायची. एक काटा खरं बोलतो का, हे त्याच्याशेजारी दुसरा लावून बघायचं. थोडक्यात, त्यांच्या वेडाला पगार मिळत होता.

हे काम त्यांना शिकवलं कादिरभाईंनी. कादिरभाई त्यांच्यापेक्षा चांगले पंधरा वर्षांनी मोठे, त्याच खात्यातले, राहायला रोह्यातच. भाऊजींचं घरातलं बोलणं निम्म्याहून अधिक कादिरभाईंबद्दल असायचं, आणि तेही तक्रारीचं. "मी म्हटलं गेटासमोरचा चहा चांगला, तर कादिरभाई म्हणतात नाय, स्टेशनावरचा. मी म्हटलं स्टेशनावरचा, तर म्हणतात नाय, गेटासमोरचा." कादिरभाई कशालाही "हो" म्हणाल्याचं भाऊजींना आठवत नव्हतं. दोघं शिफ्टभर भांडायचे, डबा मात्र एकाच बाकावर उघडायचे. भाऊजींच्या डब्यात पोह्याचे पापड दोघांना पुरतील असे दुप्पट घालायचे, असा नियमच होता.

मग एके दिवशी कादिरभाईंच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. मुंबईच्या हॉस्पिटलात बरेच दिवस होते, मग घरी आणलं. जीव वाचला, बोलणंही हळूहळू येईल असं डॉक्टर म्हणाले. नोकरी मात्र सुटली.

भाऊजी दर रविवारी त्यांना बघायला रोह्याला जाऊ लागले. पहिल्या रविवारी परत आले ते घरात शिरलेच नाहीत. अंगणात फेऱ्या घालत राहिले. मी पाण्याचा तांब्या नेऊन दिला, तर तो हातात धरून फेऱ्या.

"बोलतात का काही?" मी विचारलं.

"हो म्हणतात," भाऊजी म्हणाले.

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं कसं? मी म्हटलं आज गरम हाय, तर हो म्हणाले. मग म्हटलं तसं थंडच हाय, तर पण हो म्हणाले. कादिरभाई, वहिनी! होला हो!" आणि तांब्यातलं पाणी न पिता तुळशीत ओतून ते सायकल घेऊन कुठेतरी निघून गेले.

पुढचे रविवारही तसेच गेले. भाऊजी जायचे, यायचे आणि अंगण तुडवायचे. आम्ही "बरं होईल" म्हणायचो.

त्याच सुमारास माझ्या क्लासमध्ये कॉम्प्युटर आला. मुली विचारायला लागल्या होत्या, बाई, तुमच्याकडे कॉम्प्युटर शिकवतात का? टायपिंगची मशीनं धूळ खात पडायची वेळ आली होती. भाऊजी मुंबईला जाऊन सुटे भाग घेऊन आले, भाजीच्या दोन पिशव्यांत भरून, आणि जेवणाच्या टेबलावर त्यांनी मशीन जोडलं. आम्ही दोन दिवस जमिनीवर पानं मांडून जेवलो. थ्री-एट्टी-सिक्स म्हणायचे त्या जातीचं. तेव्हाच्या डब्यांवर पुढच्या बाजूला लाल दिव्यांचा आकडा असे, आतली चिप सेकंदाला किती दशलक्ष ठोके देते ते सांगणारा. आमच्यावर झळकायचं: चाळीस. शेजारी टर्बोचं बटण. ते आत दाबलेलं असलं की मशीन पूर्ण वेगाने चालणार, बाहेर आलं की रखडत, आणि आकडाही उतरणार. मुली उगाच दाबतात म्हणून मी त्या बटणावर माझी एक लाल टिकली चिकटवून टाकली, हात लावायचा नाही अशी खूण.

इकडे रोह्याला कादिरभाईंच्या मुलाने मस्कतहून त्यांच्यासाठी तयार मशीन पाठवलं होतं. वडिलांचा वेळ जाईल, बोटांना व्यायाम होईल, हा हेतू. ते त्याच्या पुढच्या जातीचं, फोर-एट्टी-सिक्स, पण त्याच्या डब्यावरचा आकडा होता पंचवीस. बापाने मुलाला फोनवर "हो" म्हटलं आणि मशीन एका चादरीखाली कोपऱ्यात पडून राहिलं.

भाऊजींनी ती चादर उचलली आणि आकडा वाचला. त्या रविवारी ते घरी आले ते संतापून.

"काय माणूस हाय! मी म्हटलं, कादिरभाई, तुमचा हा पंचवीस माझ्या चाळीसच्या पासंगाला पुरायचा नाय. तर काय म्हणावं त्यांनी?"

"काय?"

"'नाय' म्हणाले! तोंडावर! म्हणे, जात पुढची हाय." ते ताट घेऊन खिडकीशी गेले, तिथून परत आले आणि भात मागून घेतला, पुन्हा एकदा मागून घेतला. "मी दाखवतो त्यांना."

तिथून आमच्या घरात चाळीस आणि पंचवीस सुरू झालं. हे शाळेत गणित शिकवणारे. ह्यांचं म्हणणं, चाळीस पंचवीसपेक्षा मोठे, यात वाद कसला? मी एका मासिकात वाचलं होतं की नुसते ठोके मोजून उपयोग नाही, दर ठोक्याला काम किती उरकतं ते बघायचं, आणि त्यात फोर-एट्टी-सिक्स सरस. भाऊजींना सांगायला गेले तर म्हणाले, "मासिकवाल्यांनी समोरासमोर लावलं होतं काय?" मी म्हटलं, बरं.

रविवारमागून रविवार तोच वाद. भाऊजी रोह्याहून नवा मुद्दा ऐकून यायचे आणि आठवडाभर त्याला उत्तर शोधत भटकायचे. एकदा कादिरभाईंनी त्यांना मिठागराचा दाखला दिला. "एक माणूस छोटी टोपली घेऊन चाळीस खेपा करतो. दुसरा मोठी टोपली घेऊन पंचवीस. सांग, मीठ कुणाचं जास्त?" भाऊजींनी हे मला सांगितलं ते तिरमिरीत, पण सांगताना मध्येच थांबले. "एवढं सगळं बोलले. एकेक शब्द लावत, घाम पुसत. पण पुरं केलं." मग पुन्हा आवाज चढवून, "पण चूक हाय ते!"

मला खरं सांगायचं तर त्यांचा राग यायला लागला होता. एवढा आजारी माणूस, त्याच्याशी काय हे भांडण? कादिरभाईंचं बरोबर आहे हे मला मासिकावरून दिसत होतं. द्यावं सोडून! पण नाही. शेवटी ठरलंच. दोन्ही मशीनं समोरासमोर लावायची, रोह्याला, कादिरभाईंच्या घरी. एकच काम दोघांना द्यायचं, आणि पंच म्हणून मी. मला पंच होण्याची हौस नव्हती, पण मशीन क्लासचं होतं. ते एकट्या भाऊजींच्या भरवशावर आगगाडीतून पाठवायला माझं मन घेईना.

रविवारी सकाळी ह्यांनी मशीन सायकलवर बांधून आम्हाला स्टेशनवर सोडलं. गाडीत मॉनिटर माझ्या मांडीवर, आणि डबा गोधडीत गुंडाळून भाऊजींच्या कडेवर. बसायला जागा होती, पण ते उभे. गाडी हलली की गोधडी सावरायचे, वर तोंड काढलं असेल तर झाकायचे.

कासूला एक म्हातारी सुक्या मासळीची टोपली घेऊन चढली. माझ्याशेजारी टेकली. बराच वेळ भाऊजींकडे बघून मला हळूच म्हणाली, "तुजा काय गो पोर? आजारी हाय का?"

मी काही बोलायच्या आत भाऊजी म्हणाले, "नाय, आजी. झोपलंय."

"बापाला भारी माया हाय गो," म्हातारी म्हणाली. "माज्या माणसानं कदी कडेवर घेतला नाय एकाला." आणि नागोठण्याला उतरताना गोधडीवर मायेने हात ठेवून गेली. हाताला काहीतरी पत्र्यासारखं लागलं असणार. ती फलाटावरून बराच वेळ गाडीकडे बघत उभी होती.

कादिरभाई खाटेवर उशांना टेकून बसले होते. मी त्यांना प्रथमच पाहत होते. रुंद चेहरा, पांढरी दाढी, उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा ठेवलेला. माझ्याकडे बघून डावा हात कपाळाला लावला. "या, ताई. याला... आणलंत... बरं केलंत. पळून गेला असता."

जुबेदाभाभी, त्यांच्या पत्नी, मला आत घेऊन गेल्या. बाई हसऱ्या, तव्यावर घावने घालता घालता बोलत होत्या. "तुमचे भाऊजी येतात म्हणून हे शनिवारपासनं तयारीला लागतात. काय बोलायचं ते भिंतीशी बोलून बघतात. मी म्हणते, अहो, माझ्याशी बोला. तर म्हणतात, तू लगेच मान्य करतेस." मग हळूच म्हणाल्या, "परवा तर माझा भुवयांचा चिमटा मागून घेतला आणि त्या मशीनचं झाकण उघडून बसले. डाव्या हातानं. काय करत होते, खुदा जाणे."

बाहेर मशीनं जोडून झाली. टेबलावर दोघं शेजारी, एकावर लाल चाळीस, एकावर लाल पंचवीस. काम असं ठरलं होतं: हमरापूरच्या एका कारखान्याच्या गिऱ्हाइकांच्या नावांची फाईल मी क्लासमध्ये केली होती, तीच नावं पुन्हापुन्हा घालून भाऊजींनी ती चांगली फुगवली होती. ती बाराखडीप्रमाणे लावायची. घरी आम्ही करून बघितलं होतं. कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर काम उरकायचं. मी "सुरू" म्हटलं. भाऊजींनी इकडच्या कीबोर्डची कळ दाबली, कादिरभाईंनी डाव्या हाताने तिकडची.

पडद्यावर किती नावं लागली तो आकडा सरकू लागला. म्हणजे सरकायला हवा होता. तो गोगलगाईसारखा निघाला.

आम्ही बघत राहिलो. भाभींनी घावने आणि नारळाचा रस आणून ठेवला. खाऊन झालं. आकडे रांगतच होते. भाभींनी सुरमई तळली, भात वाढला. जेवणं झाली, हात धुतले, बडीशेप झाली. आकडे निम्म्यावरही नाहीत.

आणि एक वेगळंच ऐकू यायला लागलं.

"तुमचा पुढं हाय, कादिरभाई," भाऊजी म्हणाले.

"नाय. तुझा."

"अहो, तुमचाच. जात पुढची ती पुढची."

"चाळीस ते चाळीस," कादिरभाई म्हणाले. "मान्य... करायला पाहिजे."

मी चकित होऊन दोघांकडे बघितलं. भाऊजी येरझाऱ्या घालत होते, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि कादिरभाईंची डाव्या हाताची बोटं उशीवर नाचत होती. दोघंही बेचैन, पण जिंकायची घाई एकालाही नव्हती. काहीतरी बिघडलंय या काळजीने मी उठून आमच्या मशीनजवळ गेले. आणि मला माझी टिकली दिसली. बटण बाहेर आलेलं होतं.

"अहो भाऊजी," मी मोठ्याने म्हणाले, "टर्बो बंद राहिलाय की!"

भाऊजी जागच्या जागी थांबले.

मग कादिरभाई उशीवरून पुढे झाले. "पण... दिवा चाळीस दाखवतोय." त्यांचा चेहरा लाल होत गेला. "आतल्या पिना बदलल्यास. बंद असला तरी चाळीसच दिसावं म्हणून. सुध्या! मुद्दाम!"

"कादिरभाई, ते..."

"हरत होतास! मला जिंकवायला! भीक घालतोस मला?" शब्द अडखळत होते, पण त्यांना ढकलून ते बाहेर येत होते. "लुळा झालो म्हणून? मी शिकवलं तुला, आणि मलाच... दया?"

भाभी हातातलं भांडं तसंच घेऊन दारात आल्या. भाऊजी मान खाली घालून उभे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हे दोघं पुन्हा बोलतील की नाही कोण जाणे, आणि तेही माझ्या एका वाक्याने.

पण भाऊजींची नजर ती भाऊजींचीच. एक मशीन बघितलं की दुसरं बघितल्याशिवाय ती राहायची नाही. खाली घातलेली मान तशीच थोडी वळली. ते वाकले.

"कादिरभाई," ते हळूच म्हणाले, "तुमचा पण बाहेर हाय."

कादिरभाई उशी सारखी करू लागले.

भाऊजी आणखी वाकले. "आणि तुमचा दिवा पण पंचवीसच दाखवतोय."

"या अल्ला," दारातून भाभी म्हणाल्या. "चिमटा!"

त्या जे हसायला लागल्या, ते त्यांना भांडं खाली ठेवावं लागलं. दोघंही हरायला बसले होते. सकाळपासून दोघांची मशीनं पाय ओढत चालली होती, आणि आम्ही दोघी खुळ्यासारख्या घावने खात त्यांच्याकडे बघत होतो. मलाही हसू आवरेना. ते दोघं मात्र हसत नव्हते.

"तुम्ही कशाला हरत होता?" भाऊजींनी विचारलं.

कादिरभाईंनी तोंड खिडकीकडे केलं. "तू हरलास की रुसशील. मग रविवारी येणार नायस. जिंकलास तर येशील... फुशारकी मारायला." मग म्हणाले, "मला ही तुझी भाभी हाय. पोरांचे फोन येतात. तुला घरी कोण हाय?"

मी तिथेच उभी होते. त्यांच्या लक्षात आलं तसे ते ओशाळले. "ताई, राग मानू नका. तुम्ही आहात, भाऊ आहे, सगळं खरं. पण हा सांगतो मला. घरी याला सगळे 'बरं' म्हणतात." शब्द शोधत त्यांनी डावा हात हवेत फिरवला. "'बरं'शी माणूस... काय बोलणार?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं नाही. ते कादिरभाईंना म्हणाले, "मी हरलो असतो तरी आलो असतो."

"मग सांगायचं होतंस तसं."

"सांगणार कुणाला? आधी तुम्ही सगळ्याला हो म्हणत होता, मग सगळ्याला नाय."

यावर कादिरभाई पहिल्यांदा हसले. तोंडाची एकच बाजू हसली, पण हसले. "टर्बो लाव दोन्हीचा," ते म्हणाले. "आता खरं बघू. आणि सुध्या, दया केलीस तर खाटेवरनं उठून येईन."

कुणाला उत्सुकता असेल म्हणून सांगते. नावं लावण्यात कादिरभाईंचा पंचवीस पुढे आला, जेमतेम. मग भाऊजींनी त्यांना मोठमोठ्या बेरजा-गुणाकारांचं काम दिलं, त्यात आमचा चाळीस पुढे आला, तोही जेमतेमच. मासिक आणि गणिताचे मास्तर दोघांचंही अर्धं अर्धं खरं निघालं. त्या दोघांना मात्र ते मुळीच मान्य झालं नाही. मी निघायची घाई करेपर्यंत कामाची निवडच चुकली म्हणून त्यांचं जुंपलं होतं, आणि कादिरभाईंचा आवाज पार गल्लीत ऐकू जात होता.

परतीच्या गाडीला वेळ होता. रोह्याच्या फलाटावर आम्ही बाकावर मशीन मधे ठेवून दोन बाजूंना बसलो. उन्हं उतरली होती. भाऊजी कुंडलिका नदीच्या बाजूला कुठेतरी बघत होते.

"वहिनी," ते म्हणाले, "मी एकटा दिसतो काय हो?"

नेहमीसारखं काहीतरी बोलून विषय संपवणं सोपं होतं. जिभेवर आलंही होतं. पण मी म्हणाले, "मला नाही कळत, भाऊजी. तुम्हीच सांगा."

त्यांनी बराच विचार केला, आणि तोही बसून. मग म्हणाले, "तसा नाय. कामावर नाय, रोह्याला नाय. घरी पण तुमची सगळ्यांची गडबड असते. फक्त रविवारी संध्याकाळी. गाडीतनं पेणला उतरतो ना, सगळ्यांना घ्यायला कोण ना कोण आलेलं असतं. कुणी सायकल घेऊन, कुणी पोराला घेऊन. तेव्हा जरा वाटतं. गेटाबाहेर आलं की जातं."

गाडी आली. आम्ही मशीन चढवलं. वाटेत ते पुन्हा उभे राहिले, दारापर्यंत जाऊन आले, आणि नागोठणं गेल्यावर कादिरभाईंची सगळी विधानं कशी चूक होती ते मला समजावत राहिले. मी दोन ठिकाणी अडवलं. ते इतके खूश झाले की कासूला फलाटावर उतरून माझ्यासाठी चहा घेऊन आले आणि गाडी सुटता सुटता कसेबसे आत चढले.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी ह्यांना फलाटावरचं बोलणं सांगितलं. हे पेपर वाचत राहिले.

पुढच्या रविवारी संध्याकाळी ह्यांनी सायकल बाहेर काढली. मी विचारलं, "कुठे?" तर म्हणाले, "जरा फिरून येतो." बऱ्याच वेळाने दोघं भाऊ अंगणात शिरले, सायकल मध्ये आणि दोन बाजूंनी दोघं, आणि हे चक्क म्हणत होते, "ते काही नाही सुधा, तुझं साफ चूक आहे." त्यानंतर दर रविवारी हे किंवा मी, कुणीतरी जायचोच. भाऊजी गाडीतून उतरून विचारायचे, "इकडं कुठं?" आणि आम्ही सांगायचो, "फिरायला आलो होतो." पेणचं स्टेशन गावाबाहेर आहे. तिकडे कुणी फिरायला जात नाही.